मॅन्युफॅक्चर्ड होमच्या विनाईल स्कर्टिंगला व्हेंट किती आणि कुठे: आधी जमीन, मग हिशोब, मग पॅनल

अमेरिकेत मॅन्युफॅक्चर्ड होम (कारखान्यात बनवून जागेवर आणून बसवलेलं घर) घेतलेले किंवा पार्कमधलं, म्हणजे अशा घरांच्या वसाहतीतलं, जुनं घर घेऊन त्याचं तुटकं स्कर्टिंग (घराचा तळ आणि जमीन यांच्यामधली जागा चारी बाजूंनी झाकणारी पॅनल) बदलायला काढलेले आपले लोक एक चूक हमखास करतात, आणि ती चूक दुकानातच होते. जाऊन विचारतात, व्हेंटवाली (हवा जायला भोकं असलेली) पॅनल किती घेऊ, समोरचा सांगतो तीन साध्यांमागे एक व्हेंटवालं घ्या, आणि त्या एका वाक्यावर सगळी ऑर्डर जाते. घराचं क्षेत्रफळ कोणी विचारत नाही, खाली जमिनीवर प्लास्टिक आहे का ते विचारत नाही, गावात बर्फ पडतो का तेही नाही. मग दोन-तीन वर्षांनी बाथरूमपाशी फ्लोअर मऊ लागायला लागतो, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, आणि माणूस म्हणतो व्हेंट तर ठेवले होते की.

व्हेंट किती लागतील हे मुळात जमिनीवर ठरतं. खाली नीट प्लास्टिक अंथरलेलं असेल तर जेवढी ओपनिंग लागते त्याच्या दहापट ओपनिंग प्लास्टिक नसेल तर लागते. दहापट! म्हणून पॅनलची खरेदी हे काम सगळ्यात शेवटी येतं. खाली जो क्रम दिलाय तो बदलू नका, कारण पुढच्या प्रत्येक पायरीचा आकडा मागच्या पायरीतून येतो.

१. आधी कागद: तुमच्या घराला कुठला नियम लागतो

देशभराचा पायाभूत नियम हडचा (एचयूडी, अमेरिकेचं केंद्रीय गृहनिर्माण खातं) आहे, फेडरल रेग्युलेशन्सच्या टायटल २४ मधला भाग ३२८५, म्हणजे मॅन्युफॅक्चर्ड होम बसवण्याची मॉडेल स्टँडर्ड्स. त्यात ३२८५.२०४ जमिनीच्या ओलाव्याबद्दल आहे, ३२८५.५०४ स्कर्टिंगबद्दल आणि ३२८५.५०५ घराखालच्या जागेच्या व्हेंटिलेशनबद्दल. या लेखातले बहुतेक आकडे तिथलेच.

पण तेवढं पुरेसं नाही. तुमच्या घराच्या कंपनीचं इन्स्टॉलेशन मॅन्युअल असतं, शिवाय राज्याचा आणि गावाचा नियम असतो, आणि पार्कमध्ये राहत असाल तर पार्कचे नियम वेगळे. कॅलिफोर्नियात सनीवेल किंवा सॅन होजेच्या पार्कमध्ये घर असेल तर एचसीडीचे, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण खात्याचे, नियम बघा, टेक्ससमध्ये तिथल्या गृहनिर्माण खात्याच्या, टीडीएचसीएच्या, मॅन्युफॅक्चर्ड हाउसिंग डिव्हिजनला फोन करा. जिथे दोन नियमांचे आकडे वेगळे निघतील तिथे जास्त कडक तो धरून चाला, नंतर वाद उरत नाही.

मॅन्युअल हरवलं असेल तर घराच्या आत डेटा प्लेट शोधा. किचनच्या कपाटात, इलेक्ट्रिक पॅनलपाशी किंवा बेडरूमच्या क्लॉझेटमध्ये चिकटवलेला कागद असतो, त्यावर कंपनीचं नाव आणि सीरियल नंबर मिळतो, तेवढ्यावर कंपनीकडून मॅन्युअल मागवता येतं.

तपासा: परमिट लागतं का हे विचारताना त्याच फोनवर हेही विचारून घ्या की इन्स्पेक्टर प्लास्टिक बघायला स्कर्टिंग लावायच्या आधी येणार की नंतर. आधी येणार असेल आणि तुम्ही सगळं बंद करून बसलात तर पॅनल परत काढावी लागतात.

२. खाली जाऊन बघा, आणि हे दुसऱ्यावर सोडू नका

जुनं स्कर्टिंग काढलेलं असताना यापेक्षा चांगली संधी मिळत नाही. फुल बाह्यांचे कपडे, हातमोजे, गॉगल, मास्क आणि डोक्याला लावायचा दिवा, आणि वर घरात कोणीतरी असू द्या. आधी टॉर्च मारून साप, कोळी, मेलेलं काही आहे का ते बघा. खाली लोंबकळणारी वायर दिसली तर ब्रेकर बंद केल्याशिवाय आत जायचं नाही.

इशारा: घर जॅकवर उचललेलं असेल किंवा एखादा पिअर (घराला खालून आधार देणारा खांब) सरकलेला, तिरका झालेला दिसला तर खाली जाऊ नका. लायसन्स असलेल्या इन्स्टॉलरला बोलवा, व्हेंटचं नंतर बघू.

खाली काय बघायचं? एक म्हणजे जमीन, ती ओली आहे का, पाणी साचल्याच्या खुणा आहेत का. दुसरं म्हणजे बेली रॅप, घराच्या पोटाला जे काळं कापड असतं ते. ते कुठे फुग्यासारखं लोंबतंय का? लोंबत असेल तर आत पाण्याची गळती आहे असं धरून चाला, आधी प्लंबिंग दुरुस्त, मग भिजलेलं इन्सुलेशन बदला, मग बेलीला पॅच. गळका पाइप ठेवून वर कितीही व्हेंट लावले तरी उपयोग नाही. तिसरं म्हणजे लाकूड. स्वस्तातला मॉइश्चर मीटर मिळतो, जॉइस्टला, म्हणजे फ्लोअरखालच्या आडव्या लाकडाला, टोचून बघा, २० टक्क्यांच्या वर आकडा आला तर लाकूड कुजण्याच्या हद्दीत आहे. तो आकडा तारखेसकट लिहून ठेवा, काम झाल्यावर तुलना करायला हाच लागतो.

चौथी गोष्ट लोक विसरतात: कुठला पाइप कुठे संपतोय. ड्रायरचा पाइप, एसीच्या पाण्याची नळी, वॉटर हीटरची ड्रेन लाइन, फर्नेसला किंवा वॉटर हीटरला लागणारी हवा जिथून आत जाते ते तोंड, हे सगळं एका कागदावर घराचा आयत काढून त्यावर खुणा करून घ्या. हाच कागद पुढे व्हेंटचा नकाशा होणार आहे.

३. पाणी आणि वाफ बाहेर काढा

व्हेंटचं काम उरलेला ओलावा घालवायचं आहे, पाणी उपसायचं नाही. त्यामुळे पाणी येण्याच्या वाटा आधी बंद.

जमिनीचा उतार घरापासून लांब जाणारा हवा, हडच्या नियमात पहिल्या १० फुटांपर्यंत दर फुटाला अर्धा इंच, म्हणजे १० फुटांत ५ इंच. घर जुनं असेल तर माती खचून उतार उलटा झालेला असतो, पार्कमध्ये तर शेजारच्या प्लॉटचं पाणीही इकडे येतं. माती भरून उतार करा आणि छताचं पाणी पन्हळीतून खाली आल्यावर एक्स्टेन्शन लावून लांब सोडा. उतार करायला जागाच नसेल तर चर किंवा ड्रेन काढावा लागतो.

ड्रायरचा पाइप स्कर्टिंगच्या आरपार बाहेर गेलाच पाहिजे. घराखाली सोडलेला ड्रायर म्हणजे प्रत्येक लोडमागे ओल्या कपड्यांचं सगळं पाणी वाफ होऊन तुमच्या फ्लोअरखाली, वर लिंट (कपड्यांचा कापूस) साठून आगीची भीती वेगळी. गुळगुळीत मेटलचा पाइप वापरा, त्याला पट्ट्यांनी आधार द्या म्हणजे मध्ये झोळ पडून पाणी साठत नाही, आणि बाहेरच्या तोंडाला झडप. ड्रायरच्या तोंडाला बारीक जाळी लावू नका, ती लिंटने बंद होते.

एसी, फर्नेस, वॉटर हीटर यांचं गळणारं पाणीही घराखालून बाहेर नेऊन सोडायचं. आणि ज्या उपकरणाची ज्वलनाची हवा फ्लोअरखालून येते त्याचा इनलेट नियमाप्रमाणे स्कर्टिंगच्या बाहेर न्यायचा असतो. यात स्वतः प्रयोग करू नका, एचव्हीएसीवाल्याकडून (हीटिंग-एसीचं काम करणाऱ्याकडून) करून घ्या. बंद जागेतली हवा खेचणारा बर्नर कार्बन मोनॉक्साइड करू शकतो, आणि त्याला वास नसतो. घरात सीओ अलार्म आहे का, त्याची बॅटरी चालते का ते आजच बघा.

तपासा: मोठा पाऊस झाल्यावर किंवा होज पाइपने घराभोवती पाणी सोडून बघा. खाली पाणी शिरत असेल तर पुढच्या पायरीवर जायचं नाही.

४. प्लास्टिक, म्हणजे अख्ख्या कामाचा पाया

स्कर्टिंगने जागा बंद करणार असाल तर जमिनीवर व्हेपर रिटार्डर, म्हणजे वाफ अडवणारं प्लास्टिक, टाकावाच लागतो, सूट आहे ती फक्त कोरड्या प्रदेशात कोरड्या जमिनीला. कमीत कमी ६ मिलचं पॉलिथिन. मिल म्हणजे मिलिमीटर नाही, इंचाचा हजारावा भाग, ६ मिल म्हणजे साधारण ०.१५ मिलिमीटर. रंगकामाला वापरतात ते पातळ प्लास्टिक १ किंवा २ मिलचं असतं, ते दगडावर गुडघा टेकला की फाटतं. परवडत असेल तर ६ पेक्षा जाड घ्या, खाली सरपटताना फरक कळतो.

जमिनीतून वाफ सतत वर येत असते. भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं की झाकणाच्या आतल्या बाजूला जे पाणी जमतं, स्कर्टिंग लावल्यावर तुमच्या फ्लोअरच्या खालच्या बाजूला तेच व्हायला लागतं. प्लास्टिकने ती वाफ जमिनीतच अडते, म्हणून मग थोड्या व्हेंटवर भागतं.

टाकण्याची पद्धत अशी. आधी जमीन साफ करा, दगड, विटांचे तुकडे, जुनं इन्सुलेशन, लाकडाचे तुकडे सगळं बाहेर. लाकूड तर मुद्दाम काढा, वाळवीला आमंत्रण असतं ते. मग पट्टे अंथरा, प्रत्येक जोडावर कमीत कमी १२ इंच ओव्हरलॅप. पिअर आणि अँकर (घर जमिनीला जखडणारे) जिथे येतील तिथे चीर पाडून त्यांच्याभोवती प्लास्टिक बसवा आणि चीर टेपने बंद करा. फाटलं तर तिथल्या तिथे पॅच. जोडांवर टेप आणि वर अधूनमधून विटा ठेवल्या की वाऱ्याने उडत नाही.

किती घ्यायचं? २८ बाय ५६ च्या घराला १० फुटी तीन पट्टे म्हणजे ३० फूट, दोन ओव्हरलॅपचे २ फूट गेले, उरले बरोबर २८, म्हणजे काठाला आणि चुकीला काही शिल्लकच नाही, चौथा पट्टा हाताशी ठेवा. २० फुटी रुंद रोल कागदावर सोयीचा वाटतो पण पिअरच्या रांगांमधून तो ओढत नेताना फाटतो, माझं मत विचाराल तर अरुंद पट्टेच बरे.

आणि एक, प्लास्टिकचा काठ स्कर्टिंगच्या आतच थांबवा. बाहेर आलेल्या काठावर पाऊस पडला की ते पाणी प्लास्टिकवरून सरळ घराखाली येतं.

अख्ख्या फ्लोअरखाली प्लास्टिक पाहिजे. उघडा पोर्च, डेक आणि आत घेतलेला दरवाज्यापुढचा भाग एवढंच सोडायला परवानगी आहे. जिथे हात पोचला तिथपर्यंत टाकलं, मधला पट्टा राहिला, असं असेल तर पुढच्या हिशोबात सवलत धरू नका.

तपासा: बंद करण्यापूर्वी चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा. इन्स्पेक्टरला, उद्या घर विकताना समोरच्याला आणि इन्शुरन्सवाल्याला दाखवायला हा एकच पुरावा असतो.

५. आता हिशोब

नियम सरळ आहे. प्लास्टिक नसेल तर फ्लोअरच्या दर १५० चौरस फुटांमागे १ चौरस फूट ओपनिंग. प्लास्टिक नियमाप्रमाणे पूर्ण टाकलेलं असेल तर दर १,५०० चौरस फुटांमागे १ चौरस फूट चालतं.

यातली ओपनिंग म्हणजे नेट फ्री एरिया, पट्ट्या आणि जाळी वगळून ज्यातून हवा खरोखर जाते तेवढीच जागा. ८ बाय १६ इंचाचं व्हेंट बाहेरून मोजलं तर १२८ चौरस इंच भरतं, पण लेबलवर नेट फ्री एरिया त्याच्या निम्म्याहूनही कमी लिहिलेला असू शकतो. बाहेरचं माप धरून हिशोब करणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. लेबल नाही, स्पेक शीट नाही, तर ते व्हेंट घेऊच नका.

उदाहरण करून बघू. डबल वाइड (दोन भाग जोडून केलेलं घर), २८ बाय ५६ फूट, म्हणजे १,५६८ चौरस फूट.

प्लास्टिकशिवाय: १,५६८ भागिले १५० = १०.४५ चौरस फूट. चौरस इंच करायला १४४ ने गुणा, साधारण १,५०६ चौरस इंच.
प्लास्टिकसकट: १,५६८ भागिले १,५०० = १.०४५ चौरस फूट, म्हणजे १५१ चौरस इंच.

समजा लेबलवर एका व्हेंटचा नेट फ्री एरिया ५० चौरस इंच आहे. प्लास्टिकशिवाय ३१ व्हेंट लागतील, प्लास्टिकसकट ४. आकडा नेहमी वरच्या पूर्णांकात घ्यायचा, ३.०२ आले तर ४.

आता तो दुकानातला तीनास एकचा नियम तपासून बघा. याच घराचा घेर १६८ फूट, म्हणजे २,०१६ इंच, १६ इंची पॅनल धरली तर १२६ पॅनल. समजा स्कर्टिंगची उंची ३० इंच आहे आणि व्हेंटवाल्या पॅनलच्या दर चौरस फुटाला ६ चौरस इंच नेट फ्री एरिया आहे. एक पॅनल ३.३३ चौरस फुटांचं, म्हणजे त्यातून २० चौरस इंच. तीन साध्यांमागे एक म्हटलं की ३२ व्हेंटवाली, एकूण ६४० चौरस इंच. प्लास्टिक नसेल तर लागतात १,५०६. निम्मीसुद्धा गरज भागली नाही! आणि प्लास्टिक असेल तर ८ पॅनलमध्ये काम होतं, ३२ ची गरजच नव्हती. म्हणजे तो नियम एका घराला कमी पडतो आणि दुसऱ्याला नको तेवढा जास्त होतो. तुमच्या पॅनलचा आकडा वेगळा असेल, स्पेक शीट बघून हाच हिशोब परत करा. पॅनलचा जो भाग खालच्या आणि वरच्या पट्टीत बुडतो तो वजा करायला विसरू नका.

सिंगल वाइडवाल्यांसाठी (एकाच भागाचं घर): १६ बाय ७६ म्हणजे १,२१६ चौरस फूट, प्लास्टिकशिवाय १,१६८ चौरस इंच, प्लास्टिकसकट ११७. त्याच ५० च्या व्हेंटने २४ किंवा ३. तीन निघाले तरी चार लावा, कारण तीन व्हेंट समोरासमोर नीट वाटता येत नाहीत.

इथे ह्यूस्टन, न्यू ऑर्लिन्स, टँपा अशा दमट भागातल्या लोकांसाठी थांबून सांगतो, कारण तिथे सल्ला मिळतो की ओल आहे तर अजून व्हेंट वाढवा. उन्हाळ्यात तिथला ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो) ७५ फॅरनहाइटच्या आसपास असतो, आणि तुमच्या फ्लोअरमधून जाणाऱ्या एसीच्या डक्टमध्ये त्याच्या कितीतरी खाली थंड हवा वाहत असते. बाहेरची दमट हवा त्या थंड पृष्ठभागाला लागली की तिथेच पाणी सुटतं. म्हणजे नुसते व्हेंट वाढवून तुम्ही आत ओलावाच आणताय. अशा ठिकाणी जोर प्लास्टिकवर, बेलीची भोकं बंद करण्यावर आणि डक्टचे जोड सील करण्यावर द्यायचा, व्हेंट नियमापुरते. उलट टोकाला, व्हिडिओ बघून सगळे व्हेंट बंद करून जागा सीलबंद करणारेही आहेत. सील केलेली क्रॉल स्पेस (घराखालची सरपटत जायची जागा) वेगळ्या डिझाइनने करतात, त्यात डीह्युमिडिफायर किंवा यांत्रिक हवा लागते. घराच्या कंपनीची आणि स्थानिक ऑफिसची लेखी परवानगी असल्याशिवाय मॅन्युफॅक्चर्ड होमला ते करू नका.

६. व्हेंटच्या जागा कागदावर ठरवा

आकडा बरोबर आणि जागा चुकीची, असं झालं तरी ओल राहते. नियमात दोन गोष्टी आहेत: व्हेंट कमीत कमी दोन समोरासमोरच्या बाजूंना हवेत, आणि जमिनीपासून जमेल तितके उंच हवेत. रस्त्यावरून दिसतात म्हणून सगळे मागच्या बाजूला लावलेली घरं खूप दिसतात, त्यातून हवा आरपार जातच नाही.

मघाच्या कागदावर आता व्हेंट मांडा. लांब बाजूंवर समोरासमोर, आणि कोपऱ्यांच्या जवळ, कारण हवा कोपऱ्यातच अडकते. डेकच्या मागे, बंद पायऱ्यांमागे, एसीच्या युनिटला चिकटून, दाट झुडपांमागे येणारं व्हेंट मोजूच नका. ड्रायरच्या बाहेरच्या तोंडाशेजारी व्हेंट ठेवलं तर बाहेर टाकलेली वाफ वाऱ्याने परत आत येते, तिथून लांब सरका.

व्हेंटवर गंज न चढणारी, उंदीर आत येणार नाही अशी जाळी पूर्ण उंची-रुंदीला पाहिजे. पाव इंची जाळी बरी पडते. मच्छरांची बारीक जाळी आतून लावायचा मोह होतो, पण तिने नेट फ्री एरिया कमी होतो आणि ती धुळीने भरते.

इशारा: पूरक्षेत्रात घर असेल तर पुराच्या पाण्यासाठीची ओपनिंग हा वेगळा विषय आहे. ती जमिनीलगत असतात, हवेची वर. एक दाखवून दुसऱ्याची पूर्तता होत नाही, स्थानिक फ्लडप्लेन ऑफिसला विचारा.

७. स्कर्टिंग बसवणं

आता खरेदी. पॅनलबरोबर खालची पट्टी, वरची पट्टी, कोपरे आणि खालच्या पट्टीचे लांब खिळे लागतात.

घराच्या सायडिंगच्या (बाहेरच्या भिंतीवरच्या आवरणाच्या) कडेपासून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करा, खुणांवरून रंगाची दोरी मारा, त्यावर खालची पट्टी टाकून खिळे ठोका. वरची पट्टी लेव्हल लावून स्क्रूने बसवा. स्क्रू लांबट भोकाच्या मधोमध घ्यायचा आणि करकचून आवळायचा नाही, पट्टी बोटाने थोडी सरकली पाहिजे. विनाईल उन्हात वाढतं, थंडीत आकसतं, आवळलेलं असेल तर उन्हाळ्यात लाटा येतात आणि हिवाळ्यात तडे जातात. घराच्या सायडिंगच्या हालचालीलाही स्कर्टिंगचा अडथळा होता कामा नये, आणि वरची पट्टी अशी बसायला हवी की सायडिंगवरून येणारं पाणी तिच्या मागे साठणार नाही किंवा भिंतीत शिरणार नाही. हे दोन्ही नियमात स्पष्ट लिहिलंय.

प्रत्येक पॅनलची उंची वेगळी मोजा, जमीन कुठेच सपाट नसते. उंचीपेक्षा पॅनल किती कमी कापायचं ते कंपनीच्या कागदावर असतं, तेवढी फट वर ठेवा. जिथे जमीन गोठते तिथे ती हिवाळ्यात वर उचलली जाते आणि खालची पट्टी पॅनलला वर ढकलते, फट नसेल तर पॅनल वाकून बाहेर येतात. कडाक्याच्या थंडीत विनाईल कापू नका, तडकतं.

स्वतंत्र व्हेंट लावणार असाल तर पॅनल बसवण्याआधी जमिनीवर ठेवून भोक कापा, उभ्या पॅनलमध्ये कापायला गेलात की भोक वाकडं येतं. व्हेंटचं वजन पातळ विनाईलवर टाकू नका, मागून प्रेशर ट्रीटेड लाकडाची छोटी चौकट द्या. स्कर्टिंग फार उंच असेल तरी मागे आधार लागतो, किती उंचीपासून ते कंपनी सांगते.

तपासा: दर आठ-दहा पॅनलनंतर नकाशा बघा. पॅनल एकात एक अडकवत जाताना माणूस लयीत येतो आणि व्हेंटची जागा मागे राहून जाते.

८. आत जायचं दार

दार कुठल्याही बाजूने १८ इंचांपेक्षा कमी नको आणि क्षेत्रफळ ३ चौरस फुटांपेक्षा कमी नको. १८ बाय १८ चालणार नाही, ते २.२५ चौरस फूट होतं. १८ बाय २४ घेतलं की बरोबर ३ भरतात. जागा अशी निवडा की पाणी, गटार, वीज यांच्या जोडण्यांपर्यंत पोचता येईल. पॅनल ओढून काढता येतं, वेगळं दार कशाला, असं म्हणणाऱ्यांचं पॅनल दोन-तीनदा काढल्यावर तुटतं आणि मग तिथे कायमची फट राहते, त्यातून उंदीर.

९. बर्फ पडणाऱ्या भागात

जिथे तापमान गोठणबिंदूखाली जातं तिथे नियमाप्रमाणे व्हेंट उघडबंद होणारी हवीत. हे फार महत्त्वाचं, कारण भोकं पाडलेली व्हेंटवाली पॅनल बंद करता येत नाहीत. मिनेसोटा, मिशिगन, न्यूयॉर्क राज्याचा वरचा भाग, इथे सगळी साधी पॅनल आणि त्यात उघडबंद होणारी स्वतंत्र व्हेंट, असंच करा. तापमानाप्रमाणे आपोआप उघडबंद होणारीही मिळतात. हाताची असतील तर मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं पुढे-मागे करतो तेव्हाच एक फेरी मारून व्हेंट बघायची सवय लावा, त्या वर्षीचं हवामान बघून दोन आठवडे इकडेतिकडे. बंद केलेली वसंतात उघडायची राहिली की सगळा उन्हाळा ओल आत.

थंडीत भोकं बंद करायला ब्लँकेट, इन्सुलेशनचे तुकडे, डक्ट टेप हे प्रकार नकोत. ते भिजतात आणि उन्हाळ्यातही तिथेच राहतात. व्हेंट बंद करण्याआधी फर्नेस आणि वॉटर हीटरची हवा घराखालून येत नाही ना याची खात्री तिसऱ्या पायरीत झालेली असली पाहिजे. पाइप गोठू नयेत म्हणून भरवसा धड असलेल्या बेलीवर आणि मॅन्युफॅक्चर्ड होमसाठी मान्यता असलेल्या हीट केबलवर ठेवा. घराखाली हीट लॅम्प किंवा स्पेस हीटर लावू नका, आग लागते.

१०. बंद केल्यावर

एक स्वस्त डिजिटल हायग्रोमीटर (हवेतली ओल मोजणारा) घराखाली मध्यभागी ठेवा, घरात आकडा दाखवणारा असेल तर उत्तम. पहिले काही आठवडे आकडा वरखाली होतो, जुना ओलावा निघत असतो, त्याला घाबरू नका. दोन महिन्यांनी दारातून आत जाऊन त्याच जॉइस्टला मॉइश्चर मीटर लावा आणि लिहून ठेवलेल्या आकड्याशी ताडून बघा. उतरला नसेल तर व्हेंट वाढवायला धावू नका. आधी प्लास्टिकवर पाणी साचलंय का बघा, मग ड्रायरचा जोड सुटलाय का, मग बेली कुठे नव्याने लोंबतेय का. प्लास्टिकच्या वर पाणी असेल तर ते वरून गळतंय किंवा बाहेरून वाहत येतंय. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब असतील तर ते जमिनीचे, म्हणजे प्लास्टिक आपलं काम करतंय.

वर्षातून एकदा व्हेंटची जाळी ब्रशने साफ करा, समोरची झुडपं छाटा, गवत कापायच्या मशीनने खालच्या पॅनलला चिरा पाडल्यात का ते बघा. केबलवाला, प्लंबर, कीटकनाशकवाला कोणीही खाली जाऊन आला की त्याच दिवशी टॉर्च घेऊन प्लास्टिक फाटलंय का बघून घ्या आणि लगेच टेप लावा.